कुरामोचींच्या कमरेची फेरतपासणी

कुरामोची सोहेई यांनी स्वतःच्या कमरेच्या मापाबद्दल रीतसर तक्रार केली, आणि तिचा निकाल लागला तेव्हा आमच्या शिओमी गावातल्या एक्केचाळीस सभ्य पुरुषांच्या कमरा एकाच दुपारी वाढल्या. एवढंच सांगून थांबलं तर कुरामोचींवर अन्याय होईल. गावाने तो तेव्हा पुष्कळ केला. त्यात माझाही थोडा वाटा होता, म्हणून आता सगळं नीट सांगतो.

कुरामोची वजनमापे कचेरीत निरीक्षक आहेत. मासळीबाजारातले, तांदळाच्या दुकानांतले, चहाच्या वखारीतले काटे दर दोन वर्षांनी तपासायचे, काटा बरोबर निघाला की त्यावर हिरवा गोल कागद चिकटवायचा आणि वहीत शेरा लिहायचा, ‘माप खरे’. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही आणि करावंसं त्यांना वाटलंही नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बंदरावरच्या एका बड्या व्यापाऱ्याला पकडलं होतं. हा गृहस्थ कोळ्यांकडून मासळी घेताना काट्याच्या ताटलीला खालून हळूच अंगठा लावायचा आणि ती किंचित उचलून धरायचा. मासळी बारा किलो, काटा दाखवणार अकरा. काट्यात खोट काढायला जागा नाही, व्यापारी हसतमुख, सगळी लबाडी ताटलीखाली. आधीच्या तीन निरीक्षकांनी काटा तपासून तो निर्दोष ठरवला होता. कुरामोचींनी काट्याकडे बघितलंच नाही, व्यापाऱ्याच्या खांद्याकडे बघितलं. खांदा ताठलेला होता. बंदरावर ही हकिकत अजून सांगतात, आणि सांगताना प्रत्येक जण नकळत आपला खांदा ताठ करतो.

अशा या माणसाने आयुष्यात एकच माप कधी घेतलं नव्हतं, ते स्वतःचं. गरजही काय होती म्हणा. वजन त्रेसष्ट किलो. लग्नात त्रेसष्ट, आता सत्तावन्नाव्या वर्षीही त्रेसष्ट. उंचीच्या मानाने जेवढं असावं तेवढंच, ना मासा जास्त ना मासा कमी. हात बारीक, पाय बारीक, मान बारीक. लग्नातली पँट त्यांना अजून होते, हे ते पाहुण्यांना सांगत, आणि त्या वेळी त्यांची बायको यासुए चहा ओतता ओतता नेहमी एकच वाक्य म्हणे.

“पँट तीच आहे हो, फक्त खाली सरकलीय.”

यावर पाहुणे हसत आणि कुरामोची विषय बदलत. ती पँट पूर्वी बेंबीवर बसायची, आता बेंबीखाली चार बोटं बसते आणि तिच्या वर एक छोटंसं, शांत, सरकारी स्वभावाचं पोट बाहेर डोकावतं, ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती. पण शर्टाखाली ती दिसत नसे.

त्यांचे वडील काटे दुरुस्त करायचे. तेही असेच काटकुळे. बासष्टाव्या वर्षी साखरेच्या आजाराने गेले. आधी पायाची बोटं गेली, मग पाऊल, मग ते स्वतः. साखर जाड्या माणसांना होते, हा काडीपैलवान कसा सापडला, म्हणून गाव हळहळलं. कुरामोचींनी त्यातून असा निष्कर्ष काढला की वडील हा अपवाद होता, आणि अपवाद एका घरात दोनदा होत नाही. हा निष्कर्ष त्यांनी कधी तपासायला काढला नव्हता. वडिलांच्या पायाची पट्टी बदलायचं काम त्यांच्याकडे असे, आणि ते दिवस आठवले की ते उठून घरातलं घड्याळ जुळवायला लागत.

आमच्याकडे चाळिशी उलटली की सरकार दर वर्षी माणसाची कंबर मोजतं. पुरुषाला पंच्याऐंशी सेंटिमीटर, बाईला नव्वद. त्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे गेलात आणि सोबत रक्तदाब वगैरे जरा इकडेतिकडे असला, की सहा महिने आरोग्य केंद्राची परिचारिका तुमच्यामागे लागते, फोन करून काय खाल्लंत ते विचारते आणि किती चाललात ते लिहून घेते. बाईला पाच सेंटिमीटर जास्त का, याचं कारण शास्त्रज्ञांना ठाऊक असेल. यासुएची कंबर अठ्ठ्याऐंशी होती आणि तिला शास्त्रज्ञांबद्दल फार आदर होता.

तर एप्रिलमधल्या एका मंगळवारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर तपासणी होती. टेप घेऊन उभ्या होत्या अमामियाबाई. वय तिशीचं, बांधा बुटका, आवाज मऊ. त्यांनी हजारोंनी पोटं मोजली होती आणि पोट आत ओढण्याचे सगळे प्रकार त्यांना तोंडपाठ होते. कुरामोचींनी शर्ट वर केला, छाती पुढे काढली आणि पोट पाठीला लावलं. बाईंनी बेंबीवरून टेप फिरवली आणि श्वास हलकेच सोडायला सांगितलं. कुरामोचींनी सोडल्यासारखं केलं. बाईंनी घाई केली नाही. टेप तशीच धरून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, चेरीचा बहर यंदा लवकर ओसरला म्हणाल्या, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “आपलं पूर्ण नाव काय?”

सरकारी माणसाला पूर्ण नाव विचारलं की तो ते सांगतोच. “कुरामोची सोहेई,” ते म्हणाले, आणि नावाबरोबर सगळा श्वास बाहेर आला, श्वासामागोमाग पोट आलं, आणि टेप दोन सेंटिमीटर सरकली.

“८५.६,” बाईंनी लिहिलं.

एखाद्या साध्या माणसाने इथे मान खाली घालून शर्ट खोचला असता. कुरामोचींनी चष्मा लावला, टेपचं टोक हातात घेतलं आणि विचारलं, “ही टेप शेवटची कधी तपासली होती?”

टेप आठ वर्षांपूर्वीची होती. ती कुणी तपासावी असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. कुरामोचींच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांचं समाधान पसरलं. कापडी टेप, आठ वर्षं वापरलेली, आखडलेली असणार. आखडलेली टेप जास्त माप दाखवते. सहा मिलिमीटरांचा प्रश्न होता. त्यांनी तिथल्या तिथे मनात ८४.९ लिहून टाकले.

घरी आल्यावर मात्र त्यांनी यासुएच्या शिवणाच्या टेपने मोजलं, तर ८६.५ आले. यासुएची टेप त्यांनी बाद ठरवली. शेजारचा उराबे तोफू करतो. तो शाळेत त्यांच्याच वर्गातला, त्याने मागच्या दारी उभं राहून सल्ला दिला.

“सकाळी उठल्या उठल्या मोज, सोहेई. काही न खाता. आणि आठ दिवस भाताऐवजी सोयाबीनचा चोथा खा, मी देतो.”

तो चोथा उराबेला रोज फेकावा लागतो, हे कुरामोचींच्या लक्षात नंतर आलं. तोवर रोज सकाळी दारात किलोभर चोथ्याची पिशवी येऊ लागली होती, आणि आमच्याकडे कुणी दिलेलं परत पाठवायची रीत नाही. यासुएने त्याच्या वड्या केल्या, भाजीत घातला, सूपात घातला. शेवटी फुलझाडांना घातला, तर झाडं मेली.

कचेरीतल्या साहेबांचं नाव ओदाजिमा. त्यांचा सल्ला वेगळा होता. तीनदा मोजायचं आणि सगळ्यात लहान आकडा लिहायचा. ओदाजिमांची कंबर ८४.५ भरली होती आणि त्यानंतर आठवडाभर ते कोट उघडा टाकून कचेरीत फिरत होते. “शिस्त,” ते म्हणत, “दुसरं काही नाही.” ही शिस्त रोज दुपारी तळलेल्या डुकराच्या कटलेटच्या ताटापाशी बसलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, पण साहेबांच्या आकड्यावर कोण बोलणार.

मग कुरामोचींनी टेपच्या तपासणीचा अर्ज करायचं ठरवलं, आणि इथे कायदा आडवा आला. कायद्याने काटे, पेट्रोलपंप, पाण्याची मीटरं, रक्तदाबाची यंत्रंसुद्धा तपासावी लागतात. कमरेची टेप त्या यादीत नाही. माणसाच्या कमरेने व्यापार होत नाही, असं यादी करणाऱ्यांचं म्हणणं असावं. मात्र मालकाने विनंती केली तर तपासणी करता येते. टेपची मालकी आरोग्य केंद्राची. तेव्हा कुरामोचींनी केंद्राला विनंती केली की त्यांनी कचेरीला विनंती करावी. केंद्रप्रमुखांनी ती अमामियाबाईंकडे ढकलली आणि बाईंनी कुरकुर न करता अर्ज भरला, शिक्का मारला, टेप पाकिटात घातली आणि पाठवून दिली. माझी टेप चुकीची असेल तर मला ते कळलंच पाहिजे, असं त्या म्हणाल्या. हे वाक्य कुरामोचींना फार आवडलं. आपल्या कचेरीत असं एक माणूस हवं होतं, असं त्यांनी रात्री जेवताना यासुएला सांगितलं.

अर्ज आला तो कुरामोचींच्याच टेबलावर. लांबीच्या मापांचे निरीक्षक तेच. नियम असा की ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने तपासणी करू नये. कुरामोचींनी हितसंबंधाचा फॉर्म भरला, आणि ‘हितसंबंधाचे स्वरूप’ या रकान्यात बराच विचार करून ‘कंबर’ असं लिहिलं. दुसरे निरीक्षक गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. शेवटी असं ठरलं की तपासणी कुरामोचींनीच करावी आणि ओदाजिमांनी साक्षीदार म्हणून समोर बसावं. ओदाजिमा खुशीत आले. बसायला त्यांना नेहमीच आवडतं.

तपासणीच्या खोलीत तापमान बरोबर वीस अंश ठेवतात. कुरामोचींनी पांढरे हातमोजे घातले, पोलादी प्रमाणपट्टीशेजारी टेप अंथरली, टोकाला ठरलेलं वजन लावलं आणि भिंग घेऊन वाकले. बराच वेळ ते सरळ झाले नाहीत. टेप आखडलेली नव्हती, ताणली गेली होती. हजारो पोटांभोवती ओढून ओढून ती लांबली होती, आणि तिच्यावर जिथे पंच्याऐंशी लिहिलं होतं तिथे खरं तर ८६.२ व्हायला हवे होते. म्हणजे टेप जास्त दाखवत नव्हती, कमी दाखवत होती. त्यांनी तीनदा मोजलं. मग कागदावर हिशेब केला. त्यांची स्वतःची कंबर ८६.८ होती. यासुएची शिवणाची टेप त्यातल्या त्यात खरी होती.

ओदाजिमांनी कागद उलटा करून वाचला. आपली शिस्त ८५.७ झाल्याचं त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

“कुरामोची,” ते हळू आवाजात म्हणाले, “ही टेप कायद्याच्या यादीत नाहीच. आपण अर्ज परत पाठवू. तुमचा आकडाही तिथेच राहील, माझाही.”

कुरामोचींच्या मनात त्या क्षणी काय आलं ते त्यांनी पुढे यासुएला सांगितलं आणि यासुएने मला. त्यांना मोह झाला. खरोखरच झाला. ८५.६ वर वाद घालता येतो, सहा मिलिमीटर म्हणजे काय, एक जाड बनियन. ८६.८ वर वाद नाही. आणि त्या आकड्यामागे त्यांना वडिलांचं पाऊल दिसत होतं. पण त्यांचा हात शिक्क्यापाशी गेलाच. त्यांनी फॉर्मवर ‘अनुत्तीर्ण’ असा लाल शिक्का मारला आणि साक्षीदाराच्या सहीसाठी तो साहेबांपुढे सरकवला. ओदाजिमांनी सही केली, हेही सांगायला हवं. कोट बंद करून केली, पण केली.

पुढचं सगळं भोंग्यावर झालं. आमच्या गावात जागोजागी खांबांवर भोंगे आहेत. संध्याकाळी पाचला त्यावर मुलांना घरी बोलावणारी धून वाजते, आणि वादळ, भूकंप, हरवलेली म्हातारी माणसं यांच्या सूचना होतात. त्या गुरुवारी धून संपली आणि बाईचा मंजुळ आवाज आला. गेल्या दोन वर्षांत ज्यांची कंबर केंद्रात मोजली गेली आहे त्यांच्या मापात दीड टक्क्याची चूक आढळली असून, ज्या पुरुषांचं माप चौऱ्याऐंशी किंवा जास्त होतं त्यांनी कृपया पुन्हा यावं. शेवटी असंही सांगण्यात आलं की ही चूक वजनमापे निरीक्षक कुरामोची यांच्या दक्षतेमुळे उघडकीस आली. हे कौतुक होतं. ते डोंगरावर आपटून दोनदा ऐकू आलं.

माझी स्वतःची ८३.५ होती ती ८४.७ झाली. मी वाचलो, तरी त्या संध्याकाळी कुरामोची रस्त्यात दिसले तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. उराबेची ८४.२ होती, म्हणजे तोही रेषेपार गेला. दुसऱ्या दिवसापासून सोयाबीनचा चोथा बंद झाला. या सगळ्या प्रकरणात कुरामोचींच्या घराचा झालेला हा एकमेव फायदा. वाईट दिवस खरे मासळीबाजारात आले. दोन वर्षांची काटेतपासणी नेमकी त्याच महिन्यात होती, आणि कुरामोची गळ्यात पेटी अडकवून ज्या गाळ्यावर जातील तिथे बायका काटा पुढे करण्याआधी त्यांना एकदा वळून उभं राहायला सांगत. सत्तरीच्या सेकी आजींनी तर स्वतःची टेपच आणली होती.

“आमचा काटा दोन ग्रॅम चुकला की तुम्ही लाल कागद लावता,” त्या म्हणाल्या. “मग तुम्हाला कुठे लावायचा तेवढं सांगा.”

कुरामोचींनी काटा तपासला, तो बरोबर होता, हिरवा कागद लावला आणि नमस्कार करून पुढे गेले. कान मात्र लाल झाले होते.

अपमानाचा कडेलोट मिठाईने झाला. चूक केंद्राची, तेव्हा रेषेपार गेलेल्या एक्केचाळीस घरी जाऊन माफी मागायला हवी होती, आणि आमच्याकडे माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. केंद्रप्रमुखांनी परंपरेप्रमाणे लाल चवळीच्या गोड सारणाच्या वड्यांचे एक्केचाळीस डबे मागवले. यातला विनोद कुणाच्याही लक्षात आला नाही, इतकी ती रीत अंगवळणी पडलेली आहे. सोबत जायला केंद्रप्रमुखांना वेळ नव्हता. अमामियाबाई एकट्याच जाणार, हे कळल्यावर कुरामोची आपण होऊन त्यांच्याबरोबर गेले. तक्रार माझी होती, असं त्यांनी कारण दिलं. सात संध्याकाळी ही जोडी दारोदार फिरली. दार उघडलं की दोघं कमरेत वाकत, बाई म्हणत की आपली कंबर सव्वा सेंटिमीटरने वाढल्याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत, आणि कुरामोची दोन्ही हातांनी डबा पुढे करत. मिळालेल्या भेटीला परतभेट ही आलीच. आठवड्याभरात बाकीच्या चाळीस घरांतून कुरामोचींच्या घरी वड्या, केक आणि तांदळाचे लाडू येऊन पडले. यासुएने ते कपाटात रचले आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली तिने कुठे ठेवली ते अजून कुणाला माहीत नाही.

त्या फेऱ्यांत कुरामोचींनी एक गोष्ट पाहिली. कुणी दारातच ओरडलं तरी अमामियाबाई तेवढ्याच खाली वाकत, आणि निघताना हळूच विचारत की रक्ताच्या तपासणीला कधी येता. एक्केचाळीसपैकी चाळीस जणांनी त्यांना तारीख दिली. ओदाजिमांनीसुद्धा दिली, डबा घेताना. एक्केचाळिसाव्याने दिली नव्हती. तो बाईंच्या शेजारीच डबा धरून उभा असायचा.

बाईंनी फोन केला तर कुरामोची बैठकीत असत. पत्र पाठवलं तर ते ‘वाचले’ असा शिक्का मारून नीट फाइल करत. घरी यासुएने विचारलं तर म्हणत की त्रेसष्ट किलोच्या माणसाचं रक्त कशाला तपासायचं, बाकीच्यांचं तपासू दे आधी. यासुए चिडणारी बाई नाही. तिने एका सकाळी त्यांना न्याहारी दिली नाही, सही करा म्हणून केंद्राचा कागद पुढे ठेवला आणि दार उघडून धरलं. कागदावर ‘उपाशीपोटी’ असं लिहिलेलं होतं. घरातल्या आजारांच्या रकान्यात कुरामोचींनी आधीच, एप्रिलमध्येच, स्वच्छ अक्षरात ‘वडील, साखर’ लिहिलं होतं. फॉर्मवर खोटं लिहिणं त्यांना जमत नाही. तो रकाना वाचूनच बाईंनी डॉक्टरांना एक जास्तीची तपासणी करायला सांगितली होती.

निकाल घेऊन बाई थेट बाजारात आल्या. सकाळचे नऊ वाजले होते, लिलाव संपला होता, आणि कुरामोची सेकी आजींच्या रिकाम्या गाळ्यावर वजनं पुसत बसले होते.

“साखर ठीक आहे,” बाईंनी सांगितलं. “अगदी रेषेच्या आत.”

कुरामोचींनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की पोट पुन्हा बाहेर आलं. “म्हणजे प्रश्न मिटला.”

“काटा बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, “पण तुम्ही मला सांगितलं होतंत ना, त्या अंगठ्याचं. डबे वाटताना.”

कुरामोची पुसता पुसता थांबले.

“साखर खाली ठेवायला शरीर इन्शुलिन सोडतं. तुमच्या वयाच्या माणसाला लागतं त्याच्या दुप्पट तुम्हाला लागतंय. पोटातली चरबी ते नीट काम करू देत नाही, म्हणून शरीर आणखी सोडतं, आणखी सोडतं. म्हणून काटा रेषेच्या आत दिसतो. खालून अंगठा लावलाय, कुरामोचीसाहेब. तुमचं वजन काट्याला दिसतं. अंगठा दिसत नाही. तो कमरेला दिसतो.”

कुरामोचींच्या हातात पाच किलोचं पितळी वजन होतं आणि ते त्यांनी खाली ठेवलं नाही.

“किती दिवस धरून ठेवता येतो?” त्यांनी विचारलं.

“वर्षानुवर्षं. मग एक दिवस दमतो.”

“वडिलांचा दमला होता.”

“बहुधा,” बाई म्हणाल्या. “त्यांची कंबर कुणी मोजली नव्हती. तुमची आम्ही मोजलीय. आत्ताच काढून घेता येतो.”

कुरामोचींचे डोळे भरून आले, आणि ते मासळीबाजारात सहज खपून जातं, कारण तिथे बर्फाचं पाणी सगळीकडे उडत असतं. एकतीस वर्षांत त्यांना एकदाही कुणी त्यांच्याच धंद्याच्या भाषेत हरवलं नव्हतं. त्यांनी उठून बाईंना वाकून नमस्कार केला, डब्याशिवाय. मला विचाराल तर त्या दिवशी शिओमीत त्या दोघांपेक्षा सरळ माणूस कुणी नव्हतं, आणि रस्त्यात दुसरीकडे बघितल्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या सहा महिन्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण चालण्याबद्दल काय सांगणार. कुरामोचींनी कचेरीची गाडी सोडली आणि काटे तपासायला पायी जाऊ लागले. भाताची वाटी एकच, तीही यासुए शीग न लावता भरायची. देवळाच्या दोनशे बारा पायऱ्या ते रोज सकाळी चढत. पहिल्या आठवड्यात एकटेच होते. दुसऱ्या आठवड्यात उराबे आला, चोथा न आणता. मग ओदाजिमा आले, तिसाव्या पायरीवर बसले आणि तिथूनच मार्गदर्शन करू लागले. ऑगस्टपर्यंत तिथे पंधरा-वीस जण दिसायला लागले आणि पायऱ्या झाडणाऱ्या पुजाऱ्याला वाटलं की गावात भक्ती वाढली आहे. दर पंधरा दिवसांनी बाईंचा फोन येई. कुरामोची आधीच वही उघडून बसलेले असत. जेवण ग्रॅममध्ये सांगत, पायऱ्या आकड्यात, आणि एकदा सेकी आजींनी आग्रहाने दिलेला तळलेला मासा खाल्ल्याचंही त्यांनी न विचारता कळवलं, ऐंशी ग्रॅम, काट्यासह.

ऑक्टोबरच्या शेवटी फेरतपासणी झाली. दुसऱ्या मजल्यावरचा तोच हॉल. टेप नवी होती, तिच्या टोकाला हिरवा गोल कागद होता, आणि तो कुणी लावला ते सांगायला नको. रक्ताचा निकाल आधीच आला होता. इन्शुलिन खूप उतरलं होतं, अंगठा जवळजवळ निघाला होता. वजन एकसष्ट. राहिली होती ती कंबर. ओदाजिमा शेजारच्या खुर्चीवर शर्ट खोचत बसले होते. त्यांचे ८४.८ आले होते आणि कोट पुन्हा उघडा झाला होता.

कुरामोचींनी शर्ट वर केला. या वेळी छाती पुढे काढली नाही, पोट आत ओढलं नाही. बाईंनी टेप फिरवली, खिडकीबाहेर एकदा बघितलं आणि सवयीने विचारलं, “आपलं पूर्ण नाव?”

“कुरामोची सोहेई.”

टेप केसभरही हलली नाही. श्वास त्यांनी आधीच सोडलेला होता.

बाईंनी वाकून आकडा बघितला. मग आणखी वाकून बघितला. बरोबर पंच्याऐंशी. ना मागे ना पुढे. आणि नियमात पंच्याऐंशी म्हणजे रेषेवर, रेषेवर म्हणजे पार. अमामियाबाईंनी कधी कुणाला सवलत दिली नव्हती. पण सात संध्याकाळी डबे धरून शेजारी वाकलेला माणूस समोर उभा होता. त्यांचं पेन कागदावर थांबलं.

“कापडाची जाडी असते,” त्या हळूच म्हणाल्या. “८४.९ लिहू?”

ओदाजिमांनी खुर्चीतूनच जोराने होकारार्थी मान हलवली.

कुरामोचींनी चष्मा लावला आणि स्वतःच्या बेंबीवर वाकून, भिंग असल्यासारखा एक डोळा मिटून, बराच वेळ ती रेघ बघितली.

“पंच्याऐंशी आहेत,” ते म्हणाले. “पंच्याऐंशी लिहा. आणि पुढच्या सहा महिन्यांचे फोन मंगळवारीच ठेवा, गुरुवारी मी वखारीत असतो.”

बाईंनी ८५.० लिहिलं. मग शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात आणखी काही लिहिलं, कागदाची घडी केली आणि त्यांच्या हातात दिली. कुरामोचींनी ती घरी जाईपर्यंत उघडली नाही. यासुएने उघडली, वाचली, आणि कपाटाच्या कुलपापाशी, जिथे रोज नजर जाईल अशा जागी चिकटवून टाकली. एकतीस वर्षं जो शेरा त्यांनी गावातल्या प्रत्येक काट्याला दिला होता, तो त्यांना पहिल्यांदाच कुणी दिला होता. माप खरे.